शनिवारी सांगते

एम्रिस किल्ली देतो, सोबत एक कागद:
पडलीस, तर पहिले पंधराशे पौंड तुझे.
मी सही करते. हाताला सवय आहे,
रोज दहा-बारा प्लास्टरच्या नोंदींखाली करतेच.

ॲबरगॅव्हेनीत आज ऊन नाही, पाऊसही नाही,
नुसतं ओलं राखाडी काहीतरी.
गाडी मात्र लाल,
चिरल्यावर पिकलेलं निघालेल्या तोंडल्यासारखी.

एकशे सदुसष्ट घोडे, तो म्हणतो.
माझ्या अडीचशे सीसीत सव्वीस होते,
त्यातले दोन-चार गेल्या हिवाळ्यात मेले असावेत.

बसले. दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथे पसरूनही जमीन पुरेना.
"सीट दोन सेंटिमीटर खाली घेता येते,"
उंचीचं बोलताना एम्रिस नजर
माझ्या बुटांवर ठेवतो. सभ्य माणूस.

पहिल्याच राउंडअबाउटला बंद पडली.
मागच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला नाही,
त्याचीच जास्त लाज वाटली.

क्रिकहॉवेलनंतर रस्ता मोकळा झाला
आणि तिसऱ्या गिअरमध्ये मी मनगट वळवलं, जरासंच,
बरणीचं झाकण सैल आहे का बघावं तेवढं.
मग झाडं नव्हती, एक हिरवी रेघ होती,
पोट अर्धा मैल मागे राहिलं होतं,
आणि हेल्मेटच्या आत कुणीतरी हसत होतं
मोठ्यानं, दात दाखवून,
एकोणपन्नास वर्षांची एक बाई
जिला तेवढ्यापुरतं आडनाव नव्हतं.

किती वेळ? पाच सेकंद. फार तर सहा.

पुढे बुल्ख. गावाच्या नावाचा अर्थच खिंड.
चढावर मेंढ्यांचा ट्रेलर, वीसच्या वेगानं.
फटीतून एक मेंढी माझ्याकडे बघत राहिली,
कुठेच पोचायचं नसल्यासारखी.
खाली लाल जनावर धुमसायला लागलं,
पोटऱ्या भाजल्या, क्लच धरून डावा पंजा आखडला.
हळू चालणं हिला कुणी शिकवलेलंच नाही.
आणि मला तर रोज तेच लागतं:
हॉस्पिटल, टेस्को, पहाटे सहाची गारठलेली गल्ली,
शेजारची डेलिथ जागी होऊ नये एवढाच आवाज.

माझं काम हाडांचं.
गेल्या मे महिन्यात एक पोरगा आला,
ह्याच मॉडेलवरून पडलेला. नडगी दोन जागी.
मी पट्टी गुंडाळत होते आणि तो विचारत होता,
तिचं काय झालं?
पायाचं नाही. गाडीचं.
तेव्हा शहाण्या बाईसारखी मान हलवली होती.
आज, मेंढीच्या मागे, तो प्रश्न मला कळला.

परतताना हिशेब. चौदा हजार आठशे.
ह्यात बाथरूमचं छप्पर होतं,
दोन वर्षं थेंब थेंब आठवण करून देतंय.
इन्शुरन्स वेगळा. कमी उंचीची सीट, तीही वेगळी.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
म्हण करणाऱ्यानं पळतं पाहिलं असेल,
पळवलं नसेल.

एम्रिसनं माझ्या जुनीच्या सायलेन्सरवर
बोट फिरवलं, गंज बघितला, बोट पँटला पुसलं.
"हिचे नऊशे देऊ."
का कोण जाणे, मला ते लागलं.
तेवढ्या रकमेला मी तिला टायर घातले होते,
दोनदा.

"शनिवारी सांगते," म्हणाले.
तो हसला. शनिवारी सांगणाऱ्या
त्यानं खूप पाहिल्या असणार.

जुनी तिसऱ्या दमाला सुरू झाली, खोकत.
स्टेशनजवळच्या सिग्नलला दोन्ही टाचा टेकल्या,
पूर्ण, डांबरावर, घरच्यासारख्या.
दिवा लाल होता.
कुणी बघत नाही असं पाहून
मी टाचा उचलल्या
आणि हिरवा होईपर्यंत
चवड्यांवर उभी राहिले.